केडगावचा घाणा आणि छापखाना

परवा भाचीचा फोन होता. ती कुठल्याशा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. म्हणाली, "मावशी, पंडिता रमाबाई म्हणजे त्या ख्रिस्ती झालेल्या त्याच ना? शारदा सदन, १८८९. एवढंच पाठ केलंय, पुरेल ना?"

परीक्षेला पुरेलही, पण मला काही ते पुरेना. म्हणून हा लेख. शारदा सदनाबद्दल लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल, केडगावच्या मुक्ती सदनाबद्दल. तिथे घाणा होता, हातमाग होते, गोठा होता, छापखाना होता आणि ते सगळं बायका चालवत होत्या. आपल्याकडे रमाबाईंच्या धर्मांतरावर शंभराहून जास्त वर्षं वाद चालला आहे. त्या घाण्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आम्ही पाचगणीकर. मिशनच्या आणि कॉन्व्हेंटच्या शाळा आमच्या रोजच्या ओळखीच्या. चेसनसाहेबानं हे गाव वसवलं, मग इथली हवा बघून गोऱ्या लोकांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८९५ चं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट तर अजून दिमाखात उभं आहे. या शाळांनी गावाचं नाव मोठं केलं, त्यात शंका नाही. पण गोडवली, खिंगर, भिलारच्या बाईला या शाळांचा संबंध आला तो बहुतेक धुण्याभांड्यापुरता आणि मोळी विकण्यापुरता. चर्चच्या पैशावर खेड्यातल्या बाईच्या हाताला काम शिकवणारी संस्था एवढ्या मोठ्या प्रमाणात कुठे उभी राहिली असं विचारलं, तर पसरणी घाट उतरून, पुणं ओलांडून सोलापूरच्या रस्त्याला लागावं लागतं. चौफुल्याच्या अलीकडेपलीकडे केडगाव. दौंड तालुक्यातलं, रेल्वेवरचं. (नगरजवळचं केडगाव वेगळं. आमच्या नात्यातले एक जण एकदा तिकडे जाऊन परत आले होते!) नारायण महाराजांचं केडगाव बेट म्हणूनही पुष्कळांना ते ठाऊक असतं.

तर मुक्ती सदनाची गोष्ट सांगायची तर सुरुवात केडगावला होत नाही. ती होते १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात, एका उपाशी ब्राह्मण कुटुंबात.

अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला तो पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडू लागलं. आईनं मुलीला भागवताचे हजारो श्लोक पाठ करून दिले. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात संपलं आणि नेमका दुष्काळ आला. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली, त्यात हा सगळा भाग आहे. मुलांना वाचून दाखवावा असा तो भाग नाही, इतका तो जड आहे. आधी दागिने, मग कपडे, मग भांडीकुंडी विकली. मग जंगलातला पाला. पण त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या स्वच्छ सांगतात की आम्हाला शास्त्रांपलीकडे काही येत नव्हतं. पोट भरेल असा कुठलाच धंदा शिकवलेला नव्हता, अंगमेहनत करायची तर जातीचा मोठेपणा आड येई आणि भीक मागायची लाज वाटे. अगदी शेवटी, वडील जलसमाधी घ्यायला निघाले तेव्हा, भावानं तो मोठेपणा बाजूला ठेवून मिळेल ते काम करायची तयारी दाखवली. तोवर उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

आता गंमत बघा (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असो). हीच मुलगी भावाबरोबर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. आपण पाठ्यपुस्तकात गौरवाचा तो प्रसंग घेतो. माझ्या मते रमाबाईंनी स्वतः मात्र दुसरा प्रसंग आयुष्यभर लक्षात ठेवला. हजारो श्लोक तोंडपाठ असलेलं घर उपाशी मेलं, कारण एकाच्याही हातात कसब नव्हतं. केडगावच्या घाण्याचं मूळ मला इथे दिसतं.

मधला भाग भराभर सांगते, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ साली नवरा पटकीनं गेला. त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर करा म्हणून साक्ष दिली. १८८३ ला इंग्लंड आणि तिथे वॉन्टेजला बाप्तिस्मा. १८८६ ला आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. तिथे त्या गेल्या होत्या थोड्या दिवसांसाठी आणि राहिल्या अडीच-पावणेतीन वर्षं. बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकल्या, देशभर हिंडल्या, व्याख्यानं दिली. परत आल्यावर १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत छापलं. त्यातलं अमेरिकन बायकांच्या शिक्षणाबद्दलचं आणि कामधंद्यांबद्दलचं लिहिणं बघा. त्या इमारती मोजत नाहीत. बायका काय काय कामं करून पैसे मिळवतात ते बघतात.

आणि पैसा त्या कसा उभा करतात ते मला शिक्षिका म्हणून फार आवडतं. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. वेगवेगळ्या चर्चची माणसं त्यात होती. एकाच पंथाची सत्ता चालू नये अशी ती रचना. दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल झालं आणि अट अशी की शाळेत धर्म शिकवायचा नाही. म्हणजे पैसा चर्चला जाणाऱ्या लोकांचा, पण शाळा निधर्मी. अशी ती बारीक दोरीवरची चाल होती.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. आनंदीबाईंना पदवी मिळाली तो दिवसही ११ मार्चच, १८८६ चा. आणि शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला तोही ११ मार्चला, १८९३ साली. योगायोग आहे, त्याचा अर्थ काढायला मी जात नाही. पण तारखा लक्षात ठेवायला बऱ्या, भाचीनं लिहून घ्यावं.

पुढे सदन पुण्याला आलं आणि १८९३ साली वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर सकाळची प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार उघडं ठेवणं हाच धर्मप्रचार, असं एका बाजूचं म्हणणं. माझ्या घरात मी दार का लावू, असं रमाबाईंचं. केसरीनं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. कोण बरोबर होतं? मला दोन्ही बाजू कळतात. अट घातली होती हे खरं, आणि दहा-पंधरा वर्षांची पोरकी पोर जिच्या मायेत राहते तिच्या देवाकडे ओढली जाणार हेही खरं. पण मुली काढून नेणाऱ्यांनी त्यांना पुढे कुठे ठेवलं हेही कुणीतरी विचारायला हवं होतं. कर्व्यांचा आश्रम निघायला १८९६ उजाडलं.

आता केडगाव. १८९८ साली असोसिएशनची दहा वर्षं संपणार होती. पैसे थांबले तर काय, हा प्रश्न रमाबाईंनी आधीच ओळखला आणि १८९५ च्या सुमारास केडगावला शंभर एकर जमीन घेतली. फळझाडं लावायची आणि उत्पन्नावर सदन चालवायचं असा विचार. पर्जन्यछायेतला तो मुलूख. आमच्या इथे जून ते सप्टेंबर छत्री मिटत नाही आणि पसरणीचा घाट उतरून पूर्वेकडे गेलं की ढग नुसते बघायचे. तिथे जमीन घेऊन बाईनं पहिल्यांदा काय केलं असेल? विहिरी खणल्या.

मग पुन्हा दुष्काळ आला, १८९६-९७ चा, मध्य प्रांतात. वीस वर्षांपूर्वी ज्यातून स्वतः वाचल्या होत्या तेच चित्र. रमाबाई तिकडे गेल्या. मदत छावण्यांच्या आसपास एकट्यादुकट्या मुलींना पळवणारी माणसं कशी टपून असत ते त्यांनी पाहिलं आणि लिहिलंही. सुमारे ३०० मुली-बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं ठेवायची सोय नाही, परवानगी नाही. म्हणून त्यांना केडगावच्या शेतात नेलं. झाडाखाली, तंबूत, झोपड्यांत. संस्था अशी सुरू झाली, कागदावर आराखडा काढून नव्हे. (त्याच वर्षी, १८९७ ला, प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीचं काय झालं म्हणून रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' मध्ये सरकारविरुद्ध कडक पत्र लिहिलं, ते थेट विलायतेच्या पार्लमेंटात गाजलं. त्यांना सरकारधार्जिण्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.)

१९०० ला गुजरातेतला दुष्काळ. तिकडूनही शेकड्यांनी मुली आल्या आणि मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! निवृत्तीपर्यंत मी साठ-सत्तर मुलांचे वर्ग सांभाळले, त्यातच घसा बसायचा.

शारदा सदन आणि मुक्ती सदन यात एक मोठा फरक आहे. तो नीट समजून घ्यायला हवा. शारदा सदनातल्या मुली मुख्यतः उच्चवर्णीय, विधवा. त्यांना शिकवून शिक्षिका करायचं. स्वयंपाकघरात जातीचे नियम पाळले जात. मुक्तीत आलेल्या मुली खेड्यातल्या. कुणब्यांच्या, कारागिरांच्या, अस्पृश्य मानलेल्या घरच्या, आदिवासी, सगळ्या. हाडांचे सापळे होऊन आलेल्या. त्यांना आधी खायला घालायचं, मग बरं करायचं, मग लिहावाचायला शिकवायचं. पण प्रत्येकीचं डोकं पुस्तकात चालेलच असं नाही आणि दोन हजार शिक्षिकांना नोकऱ्या कोण देणार? म्हणून काम शिकवायचं ठरलं. शेती, भाजीमळा, गोठा आणि दूधदुभतं, हातमागावर विणणं, शिवणकाम, धुलाई, भट्टीत पाव भाजणं, घाण्यावर तेल काढणं, आजाऱ्यांची शुश्रूषा, छापखान्यात खिळे जुळवणं, छपाई, पुस्तकबांधणी. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाई अमेरिकेतून ब्रेल शिकून आल्या. त्या मुली वाचायला शिकल्या आणि वेताचं विणकामही. वृद्ध आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन, 'पतित' म्हणून टाकलेल्यांसाठी कृपा सदन.

वाचताना हे नुसतं कामांचं नाव घेतल्यासारखं वाटतं. पण त्या काळच्या गावात हे बसवून बघा. घाणा तेल्याचा. माग कोष्ट्याचा, साळ्याचा. शिवणं शिंप्याचं, धुणं परटाचं. धंदा बापाकडून मुलाकडे जायचा. बाई घरच्या धंद्यात राबायची, नाही असं नाही. कोष्ट्याच्या घरी रहाटावर बाईच असायची. पण 'मला हे काम येतं, मी ते कुठेही जाऊन करीन' असं ती म्हणू शकत नव्हती, कारण काम तिचं नव्हतंच. ते जातीचं आणि नवऱ्याच्या घराचं होतं. नवरा गेला की घर गेलं आणि घराबरोबर कसबही गेलं. बारा बलुत्यांच्या गावात धंद्याचं 'प्रशिक्षण' ही गोष्टच नव्हती. जन्म हाच प्रवेश. मुक्तीत पहिल्यांदा असं झालं की कुणब्याची पोर, चांभाराची पोर आणि ब्राह्मणाची विधवा एका मागाशी बसून तेच काम शिकल्या आणि ते कुणाच्या बापाचं नव्हतं. चौथीच्या मुलांना कळेल इतकी ही साधी गोष्ट आहे, पण १९०० साली ती साधी नव्हती.

पैसा कुठून आला? इथे चर्चचा आधार पूर्ण उघड होता. मुक्ती ही ख्रिस्ती संस्था. तिथे अमेरिकन असोसिएशनची निधर्मी अट नव्हती. १८९९ मध्ये चर्चच्या इमारतीची पायाभरणी झाली. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथल्या भाविकांच्या देणग्या आल्या, मिनी एब्रम्ससारख्या परदेशी बायका येऊन राबल्या. पण रमाबाई कुठल्याच एका चर्चच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रातून जो वाद घातला तो १९७७ साली पुस्तकरूपानं छापून आला आहे. मिळाला तर जरूर वाचा. माझ्या विवेकबुद्धीवर हुकूम चालवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा त्यातला एकूण सूर. पुण्यातल्या शास्त्र्यांना जे ऐकवलं तेच विलायतेतल्या सिस्टरना. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' मध्ये या बाईची बाजू का घेतली ते अशा वेळी कळतं.

धर्मांतराचा प्रश्न मी टाळणार नाही. उपाशी पोर तुमच्या दारात आली, तिला जेवण, कपडा, अक्षर, कसब आणि देव असं सगळं एकाच ताटात वाढलं, तर तिनं देव निवडला असं म्हणता येत नाही. ही टीका बरोबर आहे आणि मला ती मुक्तीच्या बाबतीतही बरोबर वाटते. १९०५ साली तिथे जे भावनेचं मोठं धार्मिक जागरण झालं, त्याची वर्णनं वाचताना मी थोडी बिचकतेच. पण या टीकेला एक किंमत आहे. टीका करणाऱ्यांनी ताट वाढायला हवं होतं. कर्व्यांनी ते केलं, १९०० ला हिंगण्याला झोपडीत. रमाबाई रानड्यांनी १९०९ ला पुण्यात सेवा सदन काढून परिचारिका घडवल्या. आणि कर्व्यांच्या संसारात आनंदीबाई होऊन आलेली गोदूबाई शिकली कुठे? शारदा सदनात. म्हणजे ज्यांना चर्चचा पैसा नको होता त्यांच्याही घरात त्या पैशातून मिळालेलं शिक्षण आलेलंच होतं. 'माझे पुराण' मध्ये आनंदीबाईंनी हे उपकार लपवलेले नाहीत.

मला खटकतं ते वेगळंच. मुक्तीत कसब शिकलेल्या बायकांना बाहेरच्या गावात ते वापरायला जागा मिळाली का? कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परिचारिका, कुणी ख्रिस्ती घरांत लग्न होऊन गेल्या, पुष्कळ तिथेच राहिल्या आणि नव्या मुलींना शिकवू लागल्या. पण ही बाई आपल्या गावात परत जाऊन तेलाचा घाणा घालेल असं त्या काळचं गावच नव्हतं. शिकवणारी संस्था उभी करता येते, विकत घेणारं गाव उभं करता येत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातच म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला बँक निघाली आणि मग बायकांना धंदा शिकवणारी त्यांची शाळा निघाली. तिथे क्रम बघा. आधी बाईच्या नावाचं खातं, मग धंद्याचं शिक्षण. दोन्ही मुलूख दुष्काळी, मधे शंभर वर्षं.

छापखान्याबद्दल लिहायचं राहिलं. रमाबाईंना रूढ मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळणार नाही असं वाटे. संस्कृत शब्दांनी भरलेलं. स्वतः पंडिता आणि तिला संस्कृत नको! म्हणून पन्नाशीच्या आसपास असताना हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून सोप्या मराठीत सगळं बायबल नव्यानं उतरवायला घेतलं. वर्षानुवर्षं ते काम चाललं. मजकूर जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, बांधणाऱ्या मुक्तीतल्याच बायका-मुली. १९१९ साली सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं, तरी काम थांबलं नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, सदनाचा सगळा भार पुढे तीच उचलणार असं धरून चाललेलं. रमाबाई भाषांतर तपासत राहिल्या. ते हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. पुस्तक बाहेर आलं १९२४ साली.